झोळीचा भार कशावर?

टाकाऊ सामानातून दोन झाडांमध्ये टांगायचा निवारा घरी बनवता येतो, याबद्दल आत्या आणि भाचा या दोघांचं एकमत आहे. भांडण आहे ते माणसाचा भार कशावर टाकायचा यावरून. आत्या ही माझी ट्रेकमधली जुनी मैत्रीण. चांगलं सामान मिळत नसे आणि मिळालंच तर परवडत नसे, त्या काळापासून ती सह्याद्रीत हिंडते आहे. अजूनही स्वतःची सॅक घरच्या मशीनवर शिवते. भाचा म्हणजे तिच्या भावाचा मुलगा. टोलेजंग इमारतींवर आणि पवनचक्क्यांवर दोराला लटकून काम करणारी माणसं जे सामान वापरतात, ते तपासायची त्याची नोकरी. त्याच्याकडे प्रत्येक कॅरॅबिनरला नंबर असतो आणि प्रत्येक दोराची वही.

आत्याच्या हॉलमध्ये सगळा माल पसरलेला होता. कामशेतच्या एका पायलटने बाद केलेला टँडम पॅराग्लायडर, भंगारवाल्याकडून आणलेले दोन सीटबेल्ट, कुणीतरी देऊन टाकलेला क्लाइंबिंग रोप, वापरून झालेल्या फ्लेक्सचा मोठा तुकडा आणि घरातली जुनी मच्छरदाणी.

भाचा : आत्या, यातल्या एकाही वस्तूचा कागद तुझ्याकडे नाही. कधी बनली, कुणी वापरली, कशी ठेवली, काही माहीत नाही. आणि तू यावर झोपणार?

आत्या : कागद नाही, पण डोळे आहेत, हात आहेत. ऊसतोडीला आलेली बाई फडाशेजारच्या बाभळीला जुन्या लुगड्याची झोळी बांधते आणि पोटचं पोर त्यात निजवते. ती बांधायच्या आधी लुगडं दोन्ही हातांनी ताणून बघते. तपासणी कारखान्यातच होते असं नाही रे.

भाचा : तिचं पोर सात-आठ किलोचं असतं आणि ती स्वतः हाकेच्या अंतरावर असते. तू साठ किलोची, रात्री एकटी, गावापासून तीन तासांवर. आणि आता बाजारात बरे हॅमॉक मिळतात. तुझ्या तरुणपणी मिळत नव्हते हे कबूल, पण आज हा खटाटोप कशासाठी?

आत्या : ज्याला परवडतं त्याने खुशाल विकत घ्यावं. माझ्याबरोबर येणारी निम्मी पोरं कॉलेजची आहेत, घरून जेमतेम एसटीचे पैसे घेऊन येतात. ती जमिनीवर झोपतात. पावसाळ्यात जमीन म्हणजे काय ते तुला सांगायला नको. चिखल, जळवा, फुरसं. आणि मण्यार. मण्यार रात्रीची फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. पुष्कळदा चावल्याचं कळतसुद्धा नाही, सकाळी पापण्या उघडेनाशा होतात तेव्हा कळतं. कोकणात विंचवाने माणसं दगावायची. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिनचा उपचार रुजवला म्हणून कितीतरी जीव वाचले. पण डॉक्टरपर्यंत जायची वेळच येऊ नये, एवढ्यासाठी गुडघाभर उंचीवर झोपायचं.

या मुद्द्यावर भाच्याने वाद घातला नाही. त्याने पॅराग्लायडरचं कापड उचललं आणि खिडकीच्या उजेडात धरलं.

इथे जरा थांबून सांगायला हवं, कारण टाकाऊ कापडातून झोळी शिवणाऱ्याला याहून चांगला माल सहसा मिळत नाही. पॅराग्लायडरचा पंख रिपस्टॉप नायलॉनचा असतो. वजन चौरस मीटरला साधारण ४० ग्रॅम, म्हणजे विकतच्या हलक्या हॅमॉकच्या कापडाइतकंच. पण सगळा पंख सारखा नसतो. उन्हाने सगळ्यात जास्त मार खाते ती पंखाची वरची बाजू, त्यातही पुढची कड. खालची बाजू सावलीत राहते. आत्याने खालच्या बाजूचा मधला भाग निवडला होता. टँडमच्या पंखाला तिथे पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत तीन मीटरहून जास्त लांबी मिळते. कप्प्यांच्या मूळ शिवणी त्याच लांबीत धावतात, त्यामुळे त्या उसवायची गरज नसते. आतले उभे पडदे शिवणीलगत कापून टाकले की पाच-सहा पट्ट्या जोडलेलं सलग कापड हातात येतं. झोळीचा ताण लांबीच्या दिशेने जातो, शिवणीही त्याच दिशेच्या, म्हणून शिवण उकलायची भीती कमी. आडव्या शिवणी असत्या तर हे कापड मी हातात घेतलं नसतं.

भाचा : रंग विटलेला नाही, हे बरं आहे. पण नायलॉन उन्हात कुजतं ते नेहमी रंगावरून कळत नाही.

आत्या : म्हणून तर हा काटा आणलाय.

तिने मासे तोलायचा स्प्रिंगकाटा काढला. ग्लायडर तपासणारे लोक कापडात बारीक सुई टोचतात आणि तिला ठरावीक ताण देऊन भोक फाटत जातं का ते बघतात. ६०० ग्रॅमचा ताण सहन झाला तर कापड चालेल असं धरतात. आत्याने गोधडीची सुई कापडात घातली, काट्याचा आकडा तिला अडकवला आणि सावकाश ओढायला सुरुवात केली. काटा पाचशेवर गेला, सहाशेवर गेला. सुईभोवतीचे धागे सरकून एक लंबगोल भोक दिसू लागलं, पण रिपस्टॉप कापडात विणलेल्या जाळीच्या जाड धाग्यापाशी ते अडलं. मग तिने तीच सुई पंखाच्या वरच्या बाजूच्या कापडात टोचली. तिथे काटा तीनशेच्या आतच होता आणि कापड टरकन फाटत गेलं. एकाच पंखाची दोन कापडं, रंग दोघांचाही जवळपास सारखाच. भाच्याने दोन्ही भोकं बोटाने चाचपून पाहिली.

भाचा : हे मला आवडलं. हे वहीत लिही. कुठून कापलं, कधी तपासलं, किती ताण. आणि कापड दुहेरी घे. एका थराला भोक पडलं तरी दुसरा धरेल.

आत्या : दुहेरीच शिवणार होते. दोन थरांच्या मध्ये थंडीत कॅरीमॅट सरकवता येते.

हा मुद्दा नवख्यांच्या लक्षात येत नाही. झोळीत थंडी खालून लागते. जमिनीवर निदान माती तरी ऊब धरते, इथे पाठीखालून वारा वाहतो आणि अंगाखाली दबलेल्या स्लीपिंग बॅगेत हवा उरत नसल्यामुळे ती काही कामाची राहत नाही. डिसेंबरात हरिश्चंद्रगडासारख्या माथ्यावर झोळीत झोपायचं तर पाठीखाली काहीतरी हवंच. कॅरीमॅट चालते. झोळीच्या बाहेरून, खाली थोडी पोकळी ठेवून बांधलेली धनगरी घोंगडी त्याहून उबदार, पण तिचं ओझं वाहायला लागतं.

मग सीटबेल्टची पाळी आली. झाडाला थेट दोरी बांधली तर ती सालीत रुतते आणि सालीखालचा जिवंत थर चिरडतो, म्हणून रुंद पट्टा लागतो. सीटबेल्ट जवळजवळ पाच सेंटिमीटर रुंद, पॉलिएस्टरचा, ओला झाला तरी नायलॉनसारखा लांबत नाही. कागदावर याहून चांगला पट्टा नाही.

भाचा : गाडी भंगारात का गेली होती?

आत्या : ते कोण सांगणार?

भाचा : तेच तर विचारायचं असतं. अपघातात गेली असेल तर पट्ट्याने त्याचं काम एकदा करून झालंय. धागे ताणले गेलेत. म्हणून अपघातानंतर बेल्ट बदलतात. हा बघ.

त्याने पहिला पट्टा उजेडात तिरका धरला. ज्या ठिकाणी तो कडीतून वळतो तिथे बोटभर रुंदीची चकाकी होती, इस्त्री जास्त लागल्यावर कापडाला येते तशी. कडेचे धागे तिथे किंचित लाटेसारखे वर आले होते. लांबून पाहिलं तर पट्टा नवाकोरा.

भाचा : घर्षणाने वितळलाय. या गाडीला मोठा धक्का बसला होता आणि कुणीतरी या पट्ट्यात बसलेलं होतं. याला सॅकचा बंद कर, पाण्याचा कॅन बांध, पण यावर झोपायचं नाही.

आत्याने तो पट्टा बाजूला ठेवला. दुसऱ्यावर कुठेही चकाकी नव्हती. भाच्याने तो इंच इंच करून बोटांतून काढला, मोठ्या भिंगाने कडा बघितल्या.

भाचा : हा चालेल असं वाटतं. तरी एक सांगतो. भंगाराच्या दुकानात गाडीच्या बॅटऱ्या पडलेल्या असतात. त्यातलं आम्ल, नुसती त्याची वाफसुद्धा, नायलॉनला आतून खाते आणि वरून काही दिसत नाही. हा पॉलिएस्टर आहे, तो आम्लाला बरा टिकतो, म्हणून मी हो म्हणतोय. तिथूनच नायलॉनचा पट्टा आणला असतास तर मी तो इथेच कापला असता.

आत्या : आणि हा रोप? हा तर आपल्यातल्याच मुलाचा आहे. पाच-सहा वर्षंच वापरलाय म्हणाला.

भाच्याने रोप मांडीवर घेतला आणि वीत-वीत भाग मुडपत, चिमटीत धरून पुढे सरकू लागला. चांगला रोप मुडपला की गोल वळण देतो. याने एका जागी कागदासारखी घडी घातली. तिथे आतला गाभा सरकला होता. आत्याने न विचारता कात्री दिली. त्याने नेमकं तिथेच कापलं, बाहेरचं वेष्टण मागे सारलं, आणि आतले पांढरे धागे मोकळे झाले. त्यांच्यात लाल माती होती. बारीक, मैद्यासारखी, अगदी मध्यापर्यंत शिरलेली. सह्याद्रीत वापरलेल्या, नीट न धुतलेल्या रोपाचं हे असंच होतं. मातीतले कण दर ताणाला धागे कातत राहतात.

आत्या : बापरे.

भाचा : वरून हा रोप कुणीही चांगला म्हणाला असता. मीही म्हणालो असतो, नुसता बघून.

मला वाटतं त्या दुपारी आत्याचं मत बदललं असेल तर ते या रोपामुळे. पण तिने हार मानली नाही, आणि मानायचं कारणही नव्हतं. तिने गाभ्यातले पेड एकेक करून ओढून काढले. ताडपत्रीच्या कोपऱ्यांना बांधायला याहून चांगली दोरी नाही, आणि ती तुटली तर फार तर माणूस भिजेल.

आत्या : पण तुझं ऐकून असं वाटतं की माणसाने घरी काही करूच नये. मग कड्याच्या भिंतीवर टांगून झोपायच्या पोर्टालेज कुठून आल्या असत्या? १९७० साली वॉरन हार्डिंग आणि डीन कॉल्डवेल अमेरिकेतल्या एल कॅपिटन कड्याच्या भिंतीवर २७ दिवस राहिले ते घरगुती डोक्यातून निघालेल्या झोळ्यांतच ना? एका बिंदूवर टांगलेल्या, वरून छत घातलेल्या. आज भिंतीवर टांगून झोपायचं जे सामान विकत मिळतं, त्याची सुरुवात गिर्यारोहकांच्या असल्याच खटपटीतून झाली.

भाचा : बरोबर. आणि ते दोघं वादळात त्यांत भिजून निघाले, तेही सांग. १९८६ साली हाफ डोमच्या दक्षिण भिंतीवर जॉन मिडनडॉर्फ आणि त्याचे दोन साथीदार वादळात सापडले. त्यांच्या पोर्टालेज टिकल्या नाहीत. हेलिकॉप्टरने उचलून आणावं लागलं. त्यानंतर मिडनडॉर्फने पोर्टालेज मजबूत करायचं काम हाती घेतलं आणि ए-फाइव्ह नावाने त्या विकल्या. त्याच्या हाती शिवणयंत्रच होतं, पण प्रत्येक सांधा मोडेपर्यंत ताणून बघायची तयारी होती. आत्या, तुझी झोळी गुडघाभर उंचीवर आहे तोवर मी तुझ्या बाजूने आहे. तू ती कड्यावर टांगायचं म्हणालीस तर मी हे सगळं उचलून नेईन.

आत्या : कड्यावर कोण म्हणतंय?

भाचा : तू नाही म्हणत. पण तू शिकवलेली पोरं म्हणतील. गुडघ्यावर जमलं की पुढच्या वर्षी नागफणीच्या कड्याच्या टोकावर टांगून फोटो काढतील. टॉड स्किनर जगातल्या उत्तम क्लाइंबरपैकी एक होता. २००६ मध्ये योसेमिटीत लीनिंग टॉवरवरून उतरताना त्याच्या हार्नेसचा पुढचा लूप तुटला. लूप झिजलाय हे त्याला माहीत होतं, नवा हार्नेस मागवलेला होता. इतक्या जाणत्या माणसाचं असं होतं. कापडाच्या सामानाला बहुतेक कंपन्या वापरलं नाही तरी दहा वर्षांची मर्यादा घालतात, ते उगाच नाही.

यावर आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मशीनमध्ये पॉलिएस्टरचा दोरा ओवत राहिली. सुती दोरा तिने आधीच बाजूला ठेवला होता, कारण ओलीत तो कुजतो आणि शिवण आधी सुटते.

माझं मत इथेच सांगून टाकते. भाच्याची कसोटी बरोबर आहे आणि आत्याचा धंदाही. वस्तू तुटली तर काय होईल, हा प्रश्न आधी विचारायचा. छप्पर फाटलं तर भिजाल, मच्छरदाणी फाटली तर डास चावतील, गुडघाभर उंचीची झोळी तुटली तर माकडहाड दुखेल, क्वचित मोडेलही. त्यामुळे छप्पर आणि जाळी कशाचीही करावी. झोळीचं कापड आणि पट्टे हे ज्याचा पूर्वेतिहास माहीत आहे किंवा तपासून घेता येतो, अशाच मालाचे करावेत. आणि कंबरेच्या वर टांगायचं असेल तर भंगाराकडे वळूनसुद्धा बघू नये. गुडघाभर उंची म्हणजेसुद्धा खाली दगड, खुंट, बुंधे नसलेली जागा. डोकं आपटलं तर दीड फूटही पुरतो.

मग टांगायचं कसं, यावर दोघांचं एकदम जमलं. नवखा माणूस झोळी ताठ बांधतो, बाजेसारखी सपाट व्हावी म्हणून. तिथेच घात होतो. भाच्याने कागदावर आकडे मांडले. ७० किलोचा माणूस, दोरी जमिनीशी ३० अंशांचा कोन करत असेल तर दोन्ही बाजूंना प्रत्येकी ७० किलोच ताण येतो. कोन १० अंशांवर आणला की तोच ताण २०० किलो होतो. ५ अंशांवर ४०० किलो. माणूस तोच, झोळी तीच. जुना पट्टा तुटतो तो बहुतेक वेळा या हौसेपायी. झाडांत पंधरा फुटांचं अंतर असेल तर पट्टा साधारण सहा फुटांवर बांधायचा आणि झोळीला हसत्या ओठासारखा झोल ठेवायचा. त्यात तिरकं झोपलं की पाठ सपाट होते.

भाचा : दोन टोकांच्या मध्ये वरून एक बारीक दोरी ताणून ठेव, झोळीच्या लांबीच्या ८३ टक्के. मग झाडं कितीही लांब-जवळ असली तरी झोल तेवढाच राहतो.

आत्या : म्हणजे तीन मीटर तीसच्या झोळीला पावणेतीन मीटर. मच्छरदाणी त्याच दोरीवर टाकीन.

झाडाच्या बाबतीत मात्र भाच्याने आत्याचं ऐकून घेतलं. शेवगा, पांगारा यांना बांधू नये, लाकूड ठिसूळ. जांभूळ, ऐन, हिरडा चांगले, खोड मांडीएवढं तरी हवं. वर वाळकी फांदी लटकत नाही ना ते आधी बघायचं, कारण झोळीत झोपलेल्या माणसाच्या नेमकी डोक्यावर ती असते. आंब्या-फणसावर ओंबिलांची, म्हणजे तांबड्या मुंग्यांची, घरटी पाहून घ्यायची. देवराईत बांधायचं नाही. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम करायचा नाही.

छपरासाठी आणलेल्या फ्लेक्सवर शेवटची चकमक झाली. भाच्याच्या मते तो फार जड. हिशेब केला तर खरंच होतं. चौरस मीटरला ३०० ग्रॅम धरले तर दहा बाय दहा फुटांचा तुकडा पावणेतीन किलोच्या वर जातो.

आत्या : चार जणांत एकाने वाहायचा. आणि पाणी एक थेंब गळत नाही. कोपऱ्यांना भोक पाडायचं नाही, फ्लेक्स तिथून फाटत जातो. कोपऱ्यात गुळगुळीत खडा गुंडाळायचा आणि त्याच्या मागे दोरी आवळायची.

भाचा : आणि पट्ट्यावरून पाणी ओघळत झोळीत येईल, त्याचं?

आत्या : झोळीच्या अलीकडे पट्ट्याला सुतळीचा तुकडा बांधते. पाणी तिथून खाली टपकतं.

त्याने ते लिहून घेतलं. त्याच्या नोकरीतल्या कुठल्याही पुस्तकात हे नव्हतं.

झोळी शिवून झाल्यावर भाच्याच्या हट्टाने तिच्यात वाळूची चार पोती ठेवली गेली, प्रत्येकी ५० किलोचं, रात्रभर. सकाळी शिवणी जागच्या जागी होत्या. भाच्याने तेव्हाही बजावलं की ही चाचणी त्या दिवसापुरती आहे. दर पावसाळ्यानंतर कापडाला सुई आणि पट्ट्याला भिंग लावायचं, आणि शंका आली की बदलायचं. आत्याने ते झोळीच्या पिशवीवर मार्करने लिहून ठेवलं आहे, तारखेसह.

वाचकांपैकी जे क्लाइंबिंग करतात त्यांना एक विनंती. तुमचा रोप, स्लिंग किंवा हार्नेस बाद झाला की तो अख्खा कुणाला देऊ नका आणि अख्खा भंगारातही टाकू नका. रोपाचे दोन-दोन मीटरचे तुकडे करा, हार्नेसचे लूप कापा, मग द्या. तुकड्यांतून कुणीतरी ताडपत्री बांधेल, कुणी पिशवीचे बंद करेल. अख्खा रोप मिळाला तर कुणीतरी त्याच्यावर लटकेल.